बाजरीतले लोह बाहेरच्या केंद्रात मोजून घेताना: पोषणशास्त्राच्या संशोधकांसाठी मार्गदर्शन

अन्न व पोषणाच्या बहुतेक विभागांत वजनकाटा, ओव्हन, मफल भट्टी, केल्डालचा (नायट्रोजन मोजून प्रथिने काढण्याचा) संच आणि फार तर एक स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. लोह, जस्त, सेलेनियम, जीवनसत्त्वे किंवा मेदाम्ले मोजायची म्हटली की नमुने सामायिक उपकरण केंद्राकडे पाठवावे लागतात. त्यात कमीपणा काही नाही. कोटींच्या घरातले यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे. अडचण वेगळी आहे. पिठाच्या पुड्या बांधून पाठवायच्या आणि आलेला आकडा तसाच प्रबंधाच्या तक्त्यात भरायचा, ही सवय पडली आहे. यंत्र फक्त त्याच्यासमोर आलेल्या द्रावणात किती लोह आहे ते सांगते. ते लोह दाण्यातले, खळ्यावरच्या मातीतले की मिक्सरच्या पात्यातले, याचा निकाल नमुना केंद्राच्या दारात पोहोचण्याआधीच लागलेला असतो.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे: गावातल्या घरांमधून गोळा केलेल्या बाजरीतले लोह आणि जस्त. बाकीच्या घटकांबद्दल शेवटी थोडक्यात सांगितले आहे.

आधी गणित, मग यंत्र

‘आयसीपी (अतितप्त प्लाझ्माच्या मदतीने मूलद्रव्ये मोजणारे यंत्र) करून घ्यायचे आहे’ असे म्हणत केंद्राला फोन करू नका. आधी कागदावर हिशोब करा. भारतीय अन्नघटक तक्त्यांत (राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद, २०१७) बाजरीतले लोह १०० ग्रॅमला सुमारे ६.४ मिग्रॅ. दिले आहे, म्हणजे किलोला ६४ मिग्रॅ. अर्धा ग्रॅम पीठ आम्लात विरघळवून ५० मिलि. केले, तर द्रावणात लिटरला ०.६ मिग्रॅ.च्या आसपास लोह येईल. आयसीपी-ओईएसला (बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून मोजणाऱ्या आयसीपीला) हे सहज जमते, ज्योतीवर चालणाऱ्या साध्या एएएसलाही (शोषलेल्या प्रकाशावरून मोजणाऱ्या यंत्रालाही) जमते. जस्त किलोला ३० मिग्रॅ. धरले तरी लिटरला ०.३ मिग्रॅ. येते, तेही चालते.

आता सेलेनियम घ्या. धान्यात ते किलोला ०.१ मिग्रॅ. असेल, तर त्याच द्रावणात लिटरला फक्त १ मायक्रोग्रॅम उरते. ओईएसवर हा आकडा गोंगाटात हरवतो. इथे आयसीपी-एमएस (वस्तुमानावरून मोजणारे, जास्त संवेदनशील आयसीपी) किंवा हायड्राइड पद्धत (सेलेनियमचा वायू करून मोजणारी) हीच हवी. चुकीच्या यंत्राची वेळ घेतली, तर पैसे भरून ‘आढळले नाही’ एवढाच अहवाल हाती येतो.

निकाल कशाशी ताडून पाहणार, हेही आताच ठरवा. बाजरीच्या नव्या वाणांसाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाने २०१८ मध्ये लोह किमान ४२ आणि जस्त किमान ३२ मिग्रॅ. प्रति किलो अशी अट घातली. प्रश्न वाणाचा असेल, तर हा आकडा उपयोगी पडतो. प्रश्न लोकांच्या ताटात किती लोह पडते हा असेल, तर नमुना तयार करण्याची सगळी रीतच बदलते. त्याबद्दल पुढे येईलच.

केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

देशभरातल्या विद्यापीठांची आणि संस्थांची उपकरणे आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर नोंदवलेली आहेत. ते जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले. नोंदणी करून यंत्राचे नाव आणि शहर टाकले की केंद्रांची यादी मिळते आणि वेळही मागता येते. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारी सैफ (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांची) केंद्रे वेगळी आहेत. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ती आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मध्यवर्ती उपकरण सुविधा आहे.

यंत्र आहे एवढ्यावर समाधान मानू नका. केंद्राला ईमेल करून पुढच्या गोष्टी लेखी विचारा. अन्नाचे नमुने घेता का? अनेक ठिकाणचे आयसीपी दिवसभर मिश्रधातू, खडक आणि सांडपाण्याच्या नमुन्यांवर चालते, आणि आधीच्या पोलादाच्या नमुन्यातले लोह नळीत रेंगाळून तुमच्या पहिल्या दोन-तीन नमुन्यांत उतरू शकते. आमच्या आधी काय चालले होते, मध्ये किती वेळ धुता, हे विचारण्यात संकोच करू नका. चांगला ऑपरेटर अशा प्रश्नाने चिडत नाही. उलट, हा विद्यार्थी अभ्यास करून आला आहे, हे त्याच्या लक्षात येते.

डायजेशन (पीठ आम्लात पूर्ण विरघळवणे) केंद्र करणार की तुम्ही? शुल्क नमुन्यामागे की मूलद्रव्यामागे? द्रावणात आम्लाचे प्रमाण किती चालते? मूळ वाचन, कॅलिब्रेशनची (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेली) रेषा आणि वापरलेली तरंगलांबी मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर दुसरे केंद्र शोधा. नुसत्या अंतिम आकड्यावरून चूक शोधता येत नाही.

शैक्षणिक दर मिळवायला विभागप्रमुखांची सही-शिक्का असलेले पत्र लागते, आणि जीएसटी बहुधा वेगळा लागतो. अनुदानातून खर्च करायचा असेल, तर मार्चअखेरचा विचार जानेवारीतच करा. पैसे आगाऊ भरून पावती मिळाली, पण अहवाल मेमध्ये आला, तर लेखा विभाग अडवून धरतो. आधी कोटेशन, मग मंजुरी, मग भरणा, हा क्रम मोडू नका. आर्गॉन (यंत्राला लागणारा वायू) संपणे, टॉर्च (प्लाझ्मा पेटतो ती नळी) फुटणे, वातानुकूलन बंद पडणे या रोजच्या गोष्टी आहेत. प्रबंध सादर करायच्या तारखेपासून मागे मोजून निदान तीन महिने हाताशी ठेवा.

नमुना: खरी मेहनत इथेच आहे

पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे घेतले, तर तो पोत्याचा नमुना होत नाही. वरून, मधून आणि तळातून मिळून सुमारे अर्धा किलो घ्या. स्वच्छ प्लॅस्टिकच्या कागदावर ढीग करा, त्याचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा. ५० ते १०० ग्रॅम उरेपर्यंत हेच करत राहा.

आता निर्णयाची वेळ. वाणातले लोह हवे असेल, तर मातीचे कण काढून टाकायला हवेत. दाणे डीआयोनाइज्ड पाण्यात पटकन खळबळून घ्या, भिजत ठेवू नका, कारण भिजल्यावर क्षार पाण्यात उतरतात. मग ६० अंश सेल्सिअसला वाळवा. लोक प्रत्यक्ष काय खातात हे हवे असेल, तर घरात दळण जसे निवडतात, धुतात, गिरणीवर दळतात, तसेच पीठ घ्या आणि त्यात काही सुधारू नका. एकाच अभ्यासात निम्मे नमुने धुतलेले आणि निम्मे न धुतलेले असले, तर ती सगळी माहिती वाया गेली असे समजा.

मातीची शंका दूर करायचा सोपा उपाय म्हणजे लोहाबरोबर ॲल्युमिनियमही मोजून घेणे. मातीत ॲल्युमिनियम भरपूर असते, स्वच्छ दाण्यात ते साधारणपणे किलोला ५ मिग्रॅ.च्या खालीच राहते. लोह आणि ॲल्युमिनियम एकाच नमुन्यात एकदम चढलेले दिसले, तर ते लोह खळ्यावरचे आहे. अशा लोहाचा शरीराला उपयोग कमीच, पण ते अहवालात दिमाखात मिरवते, आणि गावरान बाजरीत लोह दुप्पट असल्याचे निष्कर्ष अशाच आकड्यांवर उभे राहतात. भाकरी किंवा शिजवलेले अन्न तपासत असाल, तर मात्र ॲल्युमिनियमची परात आणि पातेले घोळ घालतात. तिथे टायटॅनियम मोजा. ते भांड्यातून येत नाही, मातीतून येते.

दळताना स्टीलच्या पात्यांचा मिक्सर लोह, क्रोमियम आणि निकेल सोडतो. दाणा जितका कडक, तितके जास्त. अगेट, झिर्कोनिया किंवा निदान चांगल्या पोर्सलीनचा खल वापरा. मिक्सरशिवाय गत्यंतर नसेल, तर एकच धान्य निम्मे खलात आणि निम्मे मिक्सरमध्ये दळून दोन्ही पाठवा. क्रोमियम आणि निकेल वाढलेले दिसले, तर लोहातही भर पडली आहे असे धरा. पीठ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक हवे. चाळणी नायलॉनची घ्या. पितळी चाळणी तांबे आणि जस्त मिसळते.

जस्ताच्या बाबतीत हात आणि डबेही शत्रू असतात. पावडर लावलेले हातमोजे, रबरी बुचे, जखमेवरची चिकटपट्टी, टाल्कम पावडर या सगळ्यांत जस्त असू शकते. पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे आणि पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या वापरा. बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळा आणि धूळ नसलेल्या जागी उपड्या वाळवा.

प्रत्येक नमुन्यातले किमान २० ग्रॅम पीठ स्वतःकडे, घट्ट बंद बाटलीत, थंड जागी राखून ठेवा.

डायजेशन स्वतः करत असाल तर

मायक्रोवेव्ह डायजेस्टर असेल, तर साधारण कृती अशी. टेफ्लॉनच्या भांड्यात ०.५ ग्रॅम पीठ चार दशांशांपर्यंत तोलून घ्या. त्यावर ट्रेस मेटल प्रतीचे (धातूंचा अंश नगण्य असलेले) ६५ ते ६९ टक्के नायट्रिक आम्ल ८ मिलि. आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २ मिलि. घाला. झाकण लगेच लावू नका. फ्यूम हूडमध्ये १५ ते ३० मिनिटे तसेच राहू द्या, पहिला फेस आणि वायू निघून जाऊ द्या. मग भांडे बंद करून १५ ते २० मिनिटांत तापमान १८० ते २०० अंशांपर्यंत चढवा आणि तिथे १५ ते २० मिनिटे ठेवा. ६० अंशांखाली आल्याशिवाय भांडे उघडू नका. नंतर अतिशुद्ध पाण्याने ५० मिलि. करा.

तीळ, शेंगदाण्याची चटणी, खोबरे अशा तेलकट पदार्थांसाठी वजन ०.२५ ग्रॅमवर आणा. तेलामुळे वायूचा दाब झपाट्याने वाढतो, सुरक्षा झडप उघडते आणि नमुन्याचा काही भाग उडून जातो. पर्क्लोरिक आम्लाच्या जुन्या कृती सापडतील, पण त्यासाठीचा खास हूड आणि प्रशिक्षित माणूस नसेल, तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. सेंद्रिय पदार्थाबरोबर त्याचा स्फोट होतो.

तळाशी पांढरा गाळ राहिला तर तो बहुधा सिलिका असतो. साध्या गाळणकागदातून गाळले, तर कागदातलेच क्षार मिसळतात. सेंट्रिफ्यूज करा, किंवा आधी आम्लाने धुतलेला ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वापरा. गढूळ द्रावण नेब्युलायझर (यंत्रातला द्रावण फवारणारा भाग) तुंबवते, आणि केंद्र ते परत पाठवते. वर बनवलेल्या द्रावणात आम्लाचे प्रमाण बरेच असते. केंद्राने २ ते ५ टक्क्यांची मर्यादा सांगितली असेल, तर त्याप्रमाणे पाचपट पातळ करा आणि बाटलीवर तसे लिहा. त्यांची स्टँडर्डे (ज्ञात प्रमाणाची द्रावणे) तितक्याच आम्लात बनवलेली आहेत ना, हेही विचारा. नसतील, तर आकडे ठरावीक टक्क्यांनी सरकतात आणि ही चूक नुसत्या नजरेने दिसत नाही.

यंत्राची परीक्षाही तुम्हीच घ्या

रोटरमध्ये ४० भांडी मावत असतील, तर सगळी नमुन्यांनी भरू नका. दोन भांड्यांत फक्त आम्ल आणि पेरॉक्साइड घाला, हे ब्लँक. दोन भांड्यांत प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्यातले प्रमाण आधीच पक्के माहीत आहे असा) ठेवा, उदाहरणार्थ अमेरिकेच्या निस्ट संस्थेचे तांदळाचे किंवा गव्हाचे पीठ. चार भांड्यांत आधीच्या नमुन्यांच्या दुहेरी प्रती. उरली बत्तीस, ती नमुन्यांसाठी. संदर्भ पदार्थ महाग पडतो, पण एक बाटली तीन-चार विद्यार्थ्यांनी वाटून घेता येते. हा खर्च टाळून केलेल्या मोजणीवर परीक्षकाने प्रश्न विचारला, तर द्यायला उत्तर उरत नाही.

संदर्भ पदार्थाच्या बाटलीवर इतर नमुन्यांसारखाच सांकेतिक क्रमांक घाला. कोणती बाटली परीक्षेची आहे, हे केंद्राला कळता कामा नये. क्रमही मिसळा. एका गावाचे सगळे नमुने सोमवारी आणि दुसऱ्या गावाचे गुरुवारी चालवले, तर दिवसांमधला फरक गावांमधला फरक म्हणून छापला जातो. दर दहा नमुन्यांनंतर एक तपासणी स्टँडर्ड चालवायला सांगा, म्हणजे यंत्र दिवसभरात किती सरकले ते समजते.

लोह, जस्तासाठी संदर्भ पदार्थाचे उत्तर प्रमाणित किमतीच्या ९० ते ११० टक्क्यांत आले पाहिजे. जस्त २१३.८५७ नॅनोमीटरवर मोजले असेल, तर तिथे निकेलची रेषा जवळजवळ त्याच जागी येते. पात्यांच्या निकेलची शंका असेल, तर २०६.२०० नॅनोमीटरवरचे उत्तरही मागवा. दोन्ही जुळली तर चिंता नाही.

आलेल्या आकड्याचे काय करायचे

समजा, द्रावणात लोहाचे वाचन लिटरला ०.११२ मिग्रॅ. आले आणि ब्लँकचे ०.००४. फरक ०.१०८. द्रावण ५० मिलि., नंतर पाचपट पातळ केलेले, पिठाचे वजन ०.५०२ ग्रॅम. मग ०.१०८ गुणिले ५० गुणिले ५ भागिले ०.५०२, म्हणजे किलोला ५३.८ मिग्रॅ. पिठात ११ टक्के ओलावा असेल, तर कोरड्या वजनावर हा आकडा ५३.८ भागिले ०.८९, म्हणजे ६०.४ होतो. दोन्ही बरोबर आहेत. कोणता लिहिला ते सांगितले नाही, तर दोन्ही निरुपयोगी. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा ओलावा त्याच दिवशी, त्याच पिठातून काढून ठेवा. चुकांचे सगळ्यात मोठे उगमस्थान म्हणजे पातळ केल्याचा गुणक. केंद्राने तो आधीच धरला आहे का, हे विचारल्याशिवाय गुणाकार करू नका.

रक्ताचे नमुने

आहाराबरोबर रक्तही तपासायचे असेल, तर पहिले पत्र केंद्राला नव्हे, संस्थेच्या नैतिकता समितीला लिहायचे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचा. नमुने साठवणार असाल आणि पुढे आणखी काही मोजणार असाल, तर ते संमतीपत्रात आधीच लिहा. पदार्थविज्ञानाच्या नमुन्यांसाठी उभारलेली पुष्कळ केंद्रे रक्त घेतच नाहीत. अशा वेळी वैद्यकीय महाविद्यालयाची किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची प्रयोगशाळा बघा.

रक्तातल्या जस्तासाठी ट्रेस एलिमेंटच्या (धातूंचा अंश नसलेल्या) नळ्याच वापरा. रक्त फुटून सीरम लालसर झाले, तर तो नमुना बाद करा, कारण लाल पेशींमधले जस्त सीरममध्ये येते. रक्त किती वाजता घेतले आणि आधी काही खाल्ले होते का, हे प्रत्येक नळीसमोर नोंदवा. दहा वर्षांवरील मुली आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी जस्तकमतरतेची सीमा सकाळी उपाशीपोटी डेसिलिटरला ७० मायक्रोग्रॅम, सकाळी खाल्ल्यानंतर ६६ आणि दुपारी ५९ धरतात. वेळ लिहिली नसेल, तर कोणती सीमा लावायची हेच ठरत नाही.

फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) एकटे मोजू नका, बरोबर सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) घ्या. ताप, संसर्ग किंवा जुनाट दाह असला की फेरिटिन चढते आणि लोह कमी असलेली बाईही ठणठणीत दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची सीमा लिटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, दाह असेल तर ७०. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हेच आकडे १२ आणि ३० आहेत.

सीरम अर्ध्या मिलिलिटरच्या चार-पाच छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा, म्हणजे एका चाचणीसाठी सगळे वितळवावे लागत नाही. क्रायो लेबल वापरा, बॉलपेनची शाई आणि साधी चिकटपट्टी तिथे टिकत नाही. फ्रीझरला जनरेटरची जोड आहे का आणि रविवारी वीज गेली तर फोन कोणाला जातो, हे नमुने ठेवण्याआधी माहीत करून घ्या. पाठवताना ड्राय आइस भरपूर घ्या, पण खोका हवाबंद करू नका, कारण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने तो फुटतो. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी निघावे. शुक्रवारी किंवा दिवाळीच्या तोंडावर पाठवलेला खोका गोदामात पडून राहतो.

बाकीच्या चाचण्या

प्रथिनांसाठी नायट्रोजनला कोणत्या गुणकाने गुणले ते विचारा. सरसकट ६.२५, तांदळाला ५.९५, शेंगदाण्याला ५.४६, असे वेगवेगळे गुणक चालतात. एका तक्त्यात ते मिसळले की तुलना संपली. तंतूंसाठी एओएसीच्या (विश्लेषणाच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) कोणत्या पद्धतीने मोजणार, हे क्रमांकासह लिहून घ्या, कारण जुन्या ९८५.२९ पद्धतीत न धरलेला काही भाग नव्या २०११.२५ मध्ये धरला जातो आणि आकडा वाढतो. रेटिनॉलचे (अ जीवनसत्त्वाचे) नमुने फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडाने ते नष्ट होते. क जीवनसत्त्वासाठी रस काढताक्षणी मेटाफॉस्फरिक आम्ल मिसळा. ते न मिसळता पाठवलेल्या नमुन्यावर पैसे घालवू नका. मेदाम्लांसाठी तेल काढताना बीएचटी (तेल खवट होऊ न देणारे रसायन) घाला आणि बाटलीत वर हवा ठेवू नका, नायट्रोजन भरा.

निकाल पटला नाही तर

आधी स्वतःचा ब्लँक आणि संदर्भ पदार्थ पाहा. संदर्भ पदार्थ बरोबर आणि तुमचे नमुनेच विचित्र आले असतील, तर शोध दळण्यात, धुण्यात किंवा तोलण्यात घ्या. संदर्भ पदार्थच चुकला असेल, तर केंद्राला लेखी कळवा: नमुन्यांचे क्रमांक, तारीख, प्रमाणित किंमत, आलेली किंमत. ‘आकडे चुकीचे वाटतात’ एवढ्यावर कोणी यंत्र पुन्हा चालवत नाही. नेमका फरक दाखवला, तर केंद्राला नाही म्हणायला जागा राहत नाही. पुन्हा पाठवताना राखून ठेवलेल्या पिठातले सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी आणि मधले असे तीन नमुने निवडा, बरोबर संदर्भ पदार्थ द्या आणि चौघांनाही नवे सांकेतिक क्रमांक घाला. शोधनिबंधात केंद्राचा आभारोल्लेख करा. तिथल्या शास्त्रज्ञाने तुमच्यासाठी पद्धत बसवून दिली असेल, तर आभार पुरेसे नाहीत, सहलेखक म्हणून नाव घालण्याबद्दल त्यांच्याशी लिहायला बसण्याआधीच बोला. राखून ठेवलेल्या बाटल्या तोंडी परीक्षा होऊन निबंध छापून येईपर्यंत टाकू नका.